तिसरं रीळ आधी

मुलुंडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी दरोडेखोर मेला, आणि पाचच मिनिटांत घोड्यावर बसून शीळ घालत परत आला.

जयंती गोंधळली. मघाशी त्याला गोळी लागली होती, ती विहिरीजवळच्या घरातली मुलगी त्याच्या छातीवर पडून रडली होती… आणि आता तोच तिला तिचं नाव विचारत होता! सिनेमा जुना, इंग्रजी, आणि इतका स्वस्तातला की दार आपटलं की भिंत हलायची, घोडे कुठेही पळोत, मागे तोच एक खडक. पण ही भानगड निराळीच होती.

ती उठून मागे सिनेमाच्या मशीनपाशी गेली. तिथे एक सावळा, उंच तरुण उभा होता.

"अहो, तो मेला होता ना?"

"हो."

"मग हा कोण?"

"हा… त्याचा भाऊ. जुळा."

"गालावरचा व्रणसुद्धा जुळा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे. "वाट लागली! तिसरं रीळ आधी लावलं की मी… कोणाला सांगू नका हं. आमचा मालक काढून टाकेल."

शेवटी दरोडेखोर आणि ती मुलगी एकाच घोड्यावरून हसत निघाली. दिवे लागले. वाचनालयाचे सेक्रेटरी विद्याधरपंत तांबडेलाल होऊन उठले. "हा काय चावटपणा? मेलेली माणसं फिरतायत!"

आणि जयंतीच उभी राहिली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. "काका, फ्लॅशबॅक आहे तो. हल्ली शेवट आधी दाखवतात."

हॉलभर माना डोलल्या. "हो, हो," पंत खाली बसत म्हणाले, "वाचलंय मी कुठेतरी."

जिन्यात त्याने तिला गाठलं. "थँक्यू. मी अंबादास. घाटकोपरला राहतो."

"मी विचारलं नव्हतं."

"विचारणार होतात ना पण?"

ती हसू दाबत म्हणाली, "चूक झाली कशी, ते विचारणार होते."

"ते… इथे नाही सांगता येणार. पुढच्या रविवारी सकाळी मालाडच्या शाळेत हाच सिनेमा आहे. याल?"

आठवडाभर जयंतीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पंपाच्या कारखान्यात तिने एकच पत्र दोनदा टाइप केलं, बाबांच्या चहात साखर घालायची विसरली. जायचं नाही, असं रोज ठरवायची… आणि रविवारी मैत्रिणीकडे, सुनंदाकडे जाते असं आईला सांगून मालाडला पोचली.

अंबादासने मशीनशेजारी एक खुर्ची मांडून ठेवली होती. या वेळी सगळं सरळ घडलं. पण पुढचं ठाऊक असल्यामुळे ती दोघं पडद्यावर हसली तेव्हाच जयंतीचे डोळे भरून आले. अंबादासने आपला रुमाल पुढे केला.

हॉल रिकामा झाला.

"आता सांगा, चूक कशी झाली?"

तो फिल्म गुंडाळत राहिला. "रीळ बदलताना तुम्ही मागे वळून पाहिलंत. बस्स… हात भलत्याच डब्यावर गेला."

जयंतीचे कान तापले. तिला हसू फुटलं. पण तो हसत नव्हता.

"एक आधीच सांगतो. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. आई रोज हार घालते. लोक आडनाव विचारतात, आणि मग बोलणं बदलतं. तुमच्या घरी…"

जयंतीला बाबा दिसले. गिरणीच्या संपापासून घरी बसलेले, शेजाऱ्यांच्या बोलण्याला घाबरणारे, गावच्या भावकीचं पत्र तीन-तीनदा वाचणारे. ते ओरडतील? की महिनोन् महिने तोंडच उघडणार नाहीत?

"मला खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "बाबा काय म्हणतील… काही अंदाजच येत नाही रे."

तो 'रे' तिच्या तोंडून कसा निसटला, दोघांनाही कळलं नाही. अंबादासचे हात थांबले.

"मग?"

"मग काय? पुढच्या रविवारी घरी ये."

"येतो. पण… त्यांना सांगू काय?"

"तू काही सांगू नकोस," जयंती म्हणाली. तिने नजर खाली केली नाही. "नुसता माझ्या शेजारी बस. मी सांगते."