मतं फार असलेला माणूस

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो माणूस फोनवर लेख सांगत होता. शेजारी डबा खात बसलेल्या तिला ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत. पाऊस तिरपा येत होता, त्यामुळे दुसरी कोरडी जागाही नव्हती.

"लिही पुढे," तो पलीकडच्याला म्हणाला. "आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. पूर्णविराम."

तिचा घास हातातच राहिला. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"तुम्ही आज आत होतात?"

"मी? नाही. रस्त्यानं चाललो होतो, पावसानं अडवलं."

"मग चेहरा कुठे पाहिलात?"

"अंदाज येतो हो अशा चेहऱ्यांचा..."

"आज आरोपीला आणलंच नव्हतं," ती म्हणाली आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

तो आधी ओशाळला, मग हसला. अगदी मनापासून, स्वतःवरच. त्या हसण्याचा तिला दुपारभर राग येत राहिला. निदान तिला तो राग वाटला.

ती चार नंबरच्या कोर्टात लघुलेखिका होती. नऊ वर्षं दुसऱ्यांचे शब्द टिपत होती — साक्षीदारांचे, वकिलांचे, कधी नुसतेच हुंदके. आणि तो होता स्तंभलेखक. सोमवारी जगाचं राजकारण, गुरुवारी गुन्हेगारी, शनिवारी उरलंसुरलं. दूरच्या राजधानीतल्या तहापासून कोपऱ्यावरच्या चोरीपर्यंत त्याला मत नाही असा विषय नव्हता. तिचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले. रोज सकाळी त्याचा लेख वाचून ते म्हणत, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." पण एकही लेख चुकवत नसत.

त्या दिवसांत गाजत होता तो एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खुनाचा खटला. आरोपी इमारतीचा रखवालदार. स्तंभलेखकाचं त्याला दोन लेखांत फासावर चढवूनही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तो पुन्हा बाकावर हजर.

"खरं काय आहे ते तुम्हीच सांगा."

"मला बोलता येत नाही. नोकरीचा प्रश्न आहे. कोर्टाचं दार उघडं असतं, येऊन बसा."

तो खरंच येऊन बसला. शेवटच्या बाकावर, सलग अकरा दिवस. डॉक्टरांच्या भाच्याची साक्ष उलटतपासणीत ढासळताना त्यानं पाहिली. रखवालदाराची बायको रोज एकाच खांबाला टेकून उभी राहते हेही पाहिलं. आणि मधूनमधून त्याची नजर न्यायाधीशांच्या खाली, टंकयंत्राकडे वळायची. नऊ वर्षांत न अडखळलेली तिची बोटं त्या दिवसांत दोनदा अडखळली.

सुट्टीत मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असे.

"तो तह टिकणार नाही, लिहून ठेवा. दोन्ही पंतप्रधान हात मिळवताना एकमेकांच्या बुटांकडे बघत होते."

"तुम्हाला सगळ्याबद्दलच मत असतं?"

"जवळजवळ."

"आणि माझ्याबद्दल?"

तिच्या तोंडून निसटलंच ते. तिनं घाईनं पाण्याची बाटली उघडली.

"त्या प्रकरणी," तो हळूच म्हणाला, "कामकाज चालू आहे... घाईनं काही बोलू नये, असं हल्लीच शिकलोय."

रखवालदार निर्दोष सुटला. गुरुवारच्या लेखाचं शीर्षक होतं, 'मी चुकलो'. वाचकांनी त्याला धारेवर धरलं, संपादकांनीही झापलं. तिच्या वडिलांनी तो लेख दोनदा वाचला, चष्मा पुसला.

"माणूस कामाचा निघाला," ते म्हणाले. "तुमच्या कोर्टात येतो ना?"

"येतो," ती म्हणाली. तिचे कान तापले. वडिलांनी पेपरची घडी घातली.

आठवड्यानं तो बाकावर आला तो गप्पच. एका दूरच्या देशात नुकतंच युद्ध थांबलं होतं. तिथे सहा महिने राहून लिहील असा माणूस वृत्तपत्राला हवा होता.

"मीच जातो म्हणालो. घरबसल्या त्या युद्धावर चाळीस लेख लिहिलेत मी... आता स्वतःचीच लाज वाटते. जाऊ ना?"

जाऊ नका, हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"जा," ती म्हणाली.

मग सुरू झाले ते सकाळची वाट बघायचे दिवस. पेपर दारात पडला की ती वडिलांच्या आधी उचलायची. त्याच्या लिहिण्यातली मतं कमी कमी होत गेली आणि माणसं वाढत गेली. तळघरात भरणारी शाळा, पडक्या भिंतीवर कपडे वाळत घालणारी बाई... ती वाचायची आणि त्या ओळींत कुठे त्याची तब्येत कळते का ते शोधायची. रविवारी फोन यायचा. पाच मिनिटांतली तीन, नीट जेवता का, ऐकू येतंय का, यातच जायची. उरलेल्या दोनांत दोघंही गप्प. ते गप्प राहणं मग तिला आठवडाभर पुरायचं.

सहावा महिना संपत आला, तेव्हाच्या रविवारी सकाळी तो म्हणाला, "इथे एक खटला उभा राहतोय. अख्खं गाव मारणाऱ्यांवर. परके बातमीदार सगळे निघून चाललेत. मला आणखी वर्षभर थांबता येईल का, असं पेपरनं विचारलंय. मी... मला यायचंय. पण त्या गावातल्या बायका रोज विचारतात, तुम्ही असाल ना?"

ती खिडकीशी उभी होती. खाली रस्ता ओला होता.

"थांबा तुम्ही," ती म्हणाली. "आणि एक सांगते. तुम्हाला जा म्हणाले ना, ते खोटं होतं. मला तुम्ही जायला नको होतात."

पलीकडून त्याचा आवाज आला.

"आणि आताचं थांबा?"

"ते खरं आहे. पण ते म्हणताना जीव जातोय माझा."

तो म्हणाला, "तुझ्याशी लग्न करायचंय मला. हे समोर बसून सांगायचं होतं गं... असं फोनवर नाही."

हे 'तू' तिच्या अंगावर पावसासारखं आलं.

"ऐकलं," ती म्हणाली.

"एवढंच?"

"निकाल लागला की ये. तू ये. मी आहे."

फोन ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. वडिलांनी पेपर खाली केला.

"काय म्हणतो?"

"लग्न करायचं म्हणतो," ती म्हणाली, "आणि वर्षभर येत नाही म्हणतो."

आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. वडिलांनी सोफ्यावर पसरलेली पेपरची पानं गोळा केली, बाजूला सरकून तिला जागा केली.

"बस," ते म्हणाले. "एक वर्ष आपण दोघं मिळून वाचू."