एक तास तेहेतीस मिनिटांचा काळोख

आधी मी त्याचे बूट ऐकले.

आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली होती आणि माझ्या कडेवर कॉम्प्युटरचा डबा होता. त्याचा पंखा घरघरायचा, म्हणून दुकानात दाखवून परत आणत होते. दुकानदार म्हणाला होता, "वयोमानानं होतं." तेवढ्यात माझ्या डोक्यावर, लिफ्टच्या छतावर, कुणीतरी दोन पावलं चाललं.

"आत कुणी आहे का?" वरून आवाज आला.

"आहे," मी म्हटलं. "वर कुणी आहे का?"

वर पाना वाजला. मग, "आहे. मीच थांबवलीय लिफ्ट. खाली पाटी लावली होती – काम चालू आहे."

"पाटीच्या आणि माझ्या मध्ये डबा होता."

"कसला डबा?"

"कॉम्प्युटर. घरी जुने व्हिडिओ नीट करते मी. पुसट असतात ते स्पष्ट करायचे, आवाज साफ करायचा, नव्या टीव्हीवर चालतील असे करून द्यायचे."

वर पान्याचा आवाज थांबला. "सोळा वर्षं जुना चालेल?"

"व्हिडिओ ना?"

"व्हिडिओच. मी सव्वीसचा आहे."

मी वय विचारलं नव्हतं. पण सांगितलं, तर ठेवून घेतलं.

मग छताचं झाकण सरकलं आणि एक उलटा चेहरा आत आला. उलट्या चेहऱ्यात हनुवटीच्या जागी कपाळ असतं, त्यामुळे माणूस हसतोय की वैतागलाय ते कळत नाही. तो हसतोय असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तो सुलटा होऊन घरी आला. सुलटाही बरा होता. हातात पेन ड्राइव्ह, त्यात एकोणीस मिनिटं. त्यांनी घर बदललं त्या दिवशीची. दोन मामा आरशाचं कपाट घेऊन जिना चढतायत, आई सूचना देतेय, आणि कॅमेरा वडिलांच्या हातात.

"अप्पा त्यात दिसत नाहीत," तो म्हणाला. "फक्त ऐकू येतात. 'डावीकडे... अरे, तुझ्या डावीकडे.' चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आणि मी त्या दिवशी गोवर आला म्हणून मावशीकडे. म्हणजे घरच्या एकुलत्या एका व्हिडिओत आम्ही दोघंही नाही."

"कधीपर्यंत हवंय?"

"एकवीस तारखेच्या आत. मी जातोय. दुसऱ्या देशात एक इमारत बांधतायत, ब्याऐंशी मजल्यांची. तिच्या लिफ्ट बसवायच्या. चौदा महिने." मग पेन ड्राइव्हकडे बघत म्हणाला, "आई एकटी राहणार. तिला हे नीट बघता यावं, बस."

त्या दिवशी सात तारीख होती. चौदा दिवस, मग चौदा महिने. हा हिशेब मी का केला, ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळपर्यंत कळलं.

माझं कामाचं टेबल वॉशिंग मशीनशेजारी आहे. घरात तेवढीच जागा होती आणि मशीन आधी आलं होतं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांना माझ्या कामातलं एकच कळतं – टक्के.

'लिफ्टवाले' – मी त्याला असंच म्हणायचे – रोज यायला लागले. "जाता जाता आलो," म्हणायचे. त्यांचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला चालू होतं.

चित्र फारच लहान होतं, आजच्या टीव्हीवर टपालाच्या तिकिटाएवढं. ते चौपट मोठं करायचं म्हणजे सॉफ्टवेअरला मधले ठिपके अंदाजानं भरावे लागतात. आणि सॉफ्टवेअरचा अंदाज म्हणजे... पहिल्या प्रयत्नात धाकट्या मामांना चाळीसेक दात आले. कपाटाच्या मुठीला एक डोळा फुटला.

"मामा आवडले मला असे," तो म्हणाला. "खाणारे दिसतात."

"थोडं कमी स्पष्ट करते."

"करा. कपाट माझ्याकडे बघतंय." मग पडद्यावरून नजर काढून, "तुम्हाला सगळंच असं – जवळून बघायची सवय आहे?"

"कामापुरती."

"आणि काम नसताना?"

मी माऊस हलवला. माऊस हलवायची काही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा निरोप आला: मला इतकी जाड दाखवू नका. मी नीट पाहिलं तर भिंतीवरचं घड्याळ अंड्यासारखं होतं. जुन्या चौकोनी टीव्हीसाठीचा व्हिडिओ कुणीतरी रुंद टीव्हीवर मावावा म्हणून आडवा ताणून ठेवला होता. मी तो मूळ मापात आणला. घड्याळ गोल झालं. त्याची आई, म्हणजे काकू, निम्म्या झाल्या. तेवढा तुकडा त्यांना पाठवला.

त्यांचा फोन आला. "अगं, मी बारीक होते?"

"होतात, काकू."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. मग, "अकरा वर्षं मी साखर सोडलीय."

"आरशात बघितलं नाहीत कधी?"

"आरशाचं काय घेऊन बसलीस! टीव्हीवर दिसलं की खरं वाटतं." आणि मग अगदी हळू, "हे म्हणायचे गं, तू आहेस तशीच आहेस. मला वाटायचं, मन राखतायत."

अप्पा सापडले ते त्याच आठवड्यात.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामा कपाट फिरवतात, तिथे चित्र काळपट होतं. मी उजेड वाढवला, वाळूसारखे दिसणारे दाणे काढले, एकेक चित्र पुढे सरकवलं. आणि कपाटाच्या आरशात एक माणूस आला. एका हातात कॅमेरा, दुसरा हात कठड्यावर. जिभेचं टोक दातांत धरून, आवाज न करता हसणारा. फक्त चौदा चित्रं. एका सेकंदात पंचवीस सरकतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त. मग आरसा वळला.

मी ते चित्र थांबवून ठेवलं. तो आला, खुर्चीत बसला, आणि "आज काय, अजून दात?" म्हणता म्हणता त्याची नजर आरशावर गेली.

मशीन कपडे पिळत होतं. टेबल थरथरत होतं. आरशातला माणूसही जरा थरथरत होता.

"हसतायत," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मला सोळा वर्षं वाटत होतं, ते चिडलेत. आवाज तसा येतो ना – 'अरे, तुझ्या डावीकडे'..." त्यानं पुढे होऊन पडद्याला बोट लावलं. मी कुणाला पडद्याला बोट लावू देत नाही. डाग पडतो. तो डाग मी पुसला नाही.

आवाज साफ करायचं काम उरलं होतं. मागच्या घरघरीतून फक्त माणसाचा आवाज वेगळा काढायचा. याची तालीम मी वॉशिंग मशीनवर करते: मशीन चालू ठेवून स्वतः काहीतरी बोलायचं, मग मशीनचा आवाज पुसून बघायचा. माणसं अशा वेळी 'एक, दोन, तीन' म्हणतात. मीही म्हटलं. पुढे चार म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "लिफ्टवाले... नका ना जाऊ. ब्याऐंशी मजले लोक जिन्यानं चढतील. मामा चढलेच की कपाट घेऊन."

मशीनचा आवाज पुसला. माझा आवाज इतका स्वच्छ निघाला, की मलाच लाज वाटली. पडद्यावर एक लांब पट्टी असते, तिच्यात व्हिडिओचे तुकडे ओळीनं लावायचे असतात. मी तो तुकडा पट्टीवर दूर उजवीकडे, मधे येणार नाही अशा जागी सरकवला. काम झालं की पुसायचा. तेवढ्यात बाबांनी कपडे वाळत घालायला हाक मारली.

शुक्रवारी दुपारी सगळं तयार झालं. आता फक्त एक्स्पोर्ट. म्हणजे सगळे तुकडे एकजीव करून एक अखंड फाइल काढायची. त्याला म्हटलं, "बसा, चाळीस मिनिटांचं काम आहे."

बटण दाबलं. पडद्यावर आलं: शिल्लक वेळ, चार तास.

वास्तविक मी तिथेच थांबून कारण शोधायला हवं होतं. एकोणीस मिनिटांच्या व्हिडिओला चार तास लागतच नाहीत. पण त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मला काही घाई नाही." आयत्या मिळालेल्या चार तासांची चौकशी करण्याइतकी मी निर्दयी नाही.

"ब्याऐंशीव्या मजल्यावरून काय दिसतं हो?" मी विचारलं.

"ढग. आणि खाली माणसं. ठिपक्यांएवढी."

"ठिपके मोठे करून मिळतील."

"माहितीय. म्हणून तर..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं. ते परत आत गेलेलंही दिसलं.

दारातून बाबा डोकावले. "ढमे, किती टक्के?"

"एकाहत्तर."

"पास," म्हणाले, आणि गेले.

"ढमे?" तो म्हणाला.

"ऐकलं नाहीत तुम्ही."

"नाहीच." आणि हसू दाबताना त्यानं जिभेचं टोक दातांत धरलं. मी पडद्याकडे बघितलं, कारण त्याच्याकडे बघणं आता मला जमण्यातलं राहिलं नव्हतं.

चार तास कधी संपले कळलं नाही. फाइल मी पेन ड्राइव्हवर घालून दिली.

"बरं मग... निघतो."

"हं."

"परवा बस आहे. विमानतळाची. सहाच्या आत निघायला हवं."

"हं."

एवढंच म्हटलं मी. शब्दांचा साठा असून 'हं'.

तो गेल्यावर आवरायला बसले. पट्टी पूर्ण दिसावी म्हणून लहान केली. डावीकडे एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ. मग लांबच लांब काहीच नाही. आणि अगदी उजव्या टोकाला, ढेकणाएवढा, एक हिरवा तुकडा.

मग कळलं चार तास का लागले. सॉफ्टवेअर पट्टीच्या शेवटापर्यंत जातं. मधे काही नसेल तर तेवढा वेळ काळोख काढून देतं, इमानेइतबारे. एकोणीस मिनिटं व्हिडिओ, एक तास तेहेतीस मिनिटं काळोख, आणि मग मी.

फोन हातात घेतला, खाली ठेवला. एक तास तेहेतीस मिनिटं काळोख कोण बघतं? कुणीच नाही. व्हिडिओ संपला असं समजून लोक टीव्ही बंद करतात. म्हणजे कुणाला काही कळणार नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शनिवार गेला. फोन आला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, "किती टक्के?" काही चालूच नव्हतं, तरी मी "शून्य" म्हटलं. ते जवळ येऊन डोक्यावर हात ठेवून गेले.

रविवारी दुपारी काकूंचा फोन.

"काल बघितलं बरं का आम्ही. दोघांनी." आवाज जडावला होता. "हे दिसले. आरशात. मी तीनदा मागे घेऊन बघितले."

"हो, काकू."

"मग काळोख झाला. हा म्हणाला, संपलं. मी म्हटलं, खाली अजून वेळ पळतोय, म्हणजे संपलेलं नाही. एकदा आले, तसे पुन्हा येतील. बसलो."

"किती वेळ?"

"सगळा. दिवासुद्धा लावला नाही. बोललो नाही. नुसते बसून. चार वर्षांत असे बसलो नव्हतो गं आम्ही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"मग तू आलीस. एक, दोन, तीन."

"काकू, ते चुकून..."

"चुकून म्हणजे खोटं का?"

मी पट्टीवरचा तो तुकडा अजून पुसला नव्हता. त्याच्याकडे बघत म्हटलं, "नाही."

"मग पाचला बस स्टॉपवर ये. तो आपणहून काही यायचा नाही. कालपासून एकच बॅग तीनदा भरलीय त्यानं."

मी पावणेपाचलाच पोचले. तो बॅगेशेजारी उभा होता. काकू पाच पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, खांबावरचं वेळापत्रक वाचत होत्या. "मी काही ऐकत नाहीये," त्यांनी जाहीर केलं.

"व्हिडिओत एक दोष आहे," तो म्हणाला.

"कापून देते."

"कापू नका." मग बूट फुटपाथवर घासत, "जावं तर लागेल. शब्द दिलाय."

"माहितीय. मला चार म्हणायचं होतं."

"मग का नाही म्हणालात?"

"आला नाही तोंडात."

पहिली बस आली. "ही भरलेली दिसतेय," तो म्हणाला. आत दोन माणसं होती. बस गेली.

"आईला वाटलं, मीही अप्पांची वाट बघत बसलो होतो," तो म्हणाला. "पण मला माहीत होतं, ते परत येणार नाहीत. मी... तो काळोख तुम्ही केलेला होता ना. तुम्ही केलेलं काही बंद करवेना मला."

मी आजवर खूप आवाज साफ केलेत. त्या वाक्यात पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरी बस आली. "हिचा रंग बरा नाही," मी म्हटलं. गेली. त्याचा हात बॅगेच्या पट्ट्यावर होता. थोड्या वेळानं माझाही त्याच पट्ट्यावर होता. बॅग जड नव्हती.

"ही शेवटची हं," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "माझं वेळापत्रक पाठ झालंय."

तो पायरीवर चढला. पट्टा माझ्या बोटांतून हळूहळू सुटत गेला.

"चौदा महिने," तो म्हणाला.

"मोजते."

"येतो."

"ये."

दार मिटलं. बस चौकात वळली, लहान झाली, मग ठिपका झाली. ती दिसेनाशी झाल्यावरही मी बघत राहिले. आमच्या धंद्यात एवढ्यावर हार मानत नाहीत.

काकूंनी शेजारी येऊन माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. माझाही असावा.

"चल, घरापर्यंत सोड मला," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत सगळं सांग. कशाला हसतेस, कुणावर चिडतेस, झोप लागते का. दोन आठवडे विचारतेय त्याला, कशी आहे रे ती? तर म्हणतो, 'कामाला बरी आहे.'"

त्यांचं घर दोन चौक पुढे होतं. आम्ही लांबच्या रस्त्यानं गेलो.