भावाच्या नावाचे चार विमे

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणते पेपरात, अन् माझ्या खात्यात पगाराचे फक्त सहा हजार? कायले लोकायले येडं बनवून राह्यले हे?"

बाभुळगावहून यवतमाळकडे निघालेल्या एसटीत मैत्रेयी फोनवर इतक्या तावातावाने बोलत होती, की कंडक्टर तिच्याजवळ न थांबता पुढेच गेला. ग्रामीण रुग्णालयात ती परिचारिका. वर्षाचा राहिलेला कर फेब्रुवारीच्या पगारातून कापतात, हे तिला ठाऊक होतं. पण एवढा?

तिने फोन पर्समध्ये कोंबला. शेजारी बसलेला तरुण खिडकीबाहेरच्या पळसाकडे बघत हळूच म्हणाला, "सिस्टर, ते बारा लाखांचं अजून बजेटच्या प्रस्तावातच आहे. मंजूर झालं तरी एक एप्रिलपासूनच्या कमाईले लागू. सरत्या वर्षाले जुनाच नियम."

"तुमाले कोणी विचारलं? अन् मी सिस्टर हे कसं समजलं?"

"मागच्या महिन्यात तुम्ही मले इंजेक्शन दिलं होतं…" तो दंडावर हात ठेवत म्हणाला, "तवाही रागातच होत्या."

तिला हसू आलं. तिने ते खिडकीकडे वळवून लपवलं… पण खिडकी त्याच्याच बाजूला होती.

त्याचं नाव राजदीप. दत्त चौकाजवळ जिन्याखालच्या खोलीत तो लोकांची कराची कामं करायचा. दुसऱ्या दिवशी मैत्रेयी कागदांची पिशवी घेऊन तिथे गेली.

"दोन रस्ते आहेत," तो सांगू लागला. "जुन्या रस्त्यानं विमा, बचत, घरभाडं दाखवायचं अन् तेवढी सूट घ्यायची. नव्या रस्त्यानं यातलं काही दाखवायचं नाही, पण दर कमी. बारा लाखांची गोष्ट या नव्या रस्त्याची. पगारदाराले त्यावर आणखी पंचाहत्तर हजार."

"मी तर जुनाच लिहून दिला होता. चार-चार विमे हायेत."

त्याने पावत्या उलटल्या. मग पुन्हा उलटल्या. "हे संघर्ष कोण?"

"माझा लहाना भाऊ."

"हप्ता तुमचा अन् विमा त्याचा… कायदा म्हणते, स्वतःचा, नवऱ्याचा, लेकरांचा चालते. भावाचा नाही. म्हणून ऑफिसनं सूट दिली नाही." त्याने रिकामी पिशवी चाचपली. "तुमच्या नावानं काय आहे?"

"काहीच नाही. कार्डही त्याच्याच जवळ हाय," ती बोलून गेली. बाबा गेल्यापासून सहा वर्षं तिचं एटीएम कार्ड संघर्षच्या खिशात होतं. गाडी त्याची, प्लॉट त्याचा, विमे त्याचे. तिच्या नावावर फक्त ड्यूटी.

"रिटर्न भरताना रस्ता बदलता येते," तो हळूच म्हणाला. "नव्यानं भरलं, तर कापलेल्यातले अर्ध्याहून जास्त वापस येतील. पण येतील कोणाच्या हातात?"

"माझ्या घरात बोलायचं काम नाही तुमचं!" ती ताडकन उठली. जिन्याची कड डोक्याला लागली, त्याचाही राग त्याच्यावरच निघाला.

पण त्या रात्री ताटावर बसताच ती संघर्षकडे वळली. तिने हात पुढे केला. "कार्ड दे."

"कोणं कान भरले तुझे?" संघर्ष उखडला. "बाहेरचा माणूस घर फोडून राह्यला अन् तू—"

"घर कायचं फुटते? मी सहा वर्षं इंजेक्शनं टोचून आणलेला पगार मागून राह्यली, तुझा नाही!"

भांडं वाजलं, दार आपटलं. शेवटी आई, कांताबाई, चुलीवरचा तवा उतरवत म्हणाली, "दे तिचं तिले. मीच आधी बोलाले पाह्यजे होतं."

आठवड्याने ती पुन्हा जिन्याखालच्या खोलीत उभी राहिली. बाहेर बाकावर दोन मास्तर ताटकळत होते.

"एक विचारू?" तिचा आवाज चढलेलाच होता. "नव्या रस्त्यानं नवऱ्याच्या विम्याची सूट?"

"नाही. नवऱ्याचा काहीच फायदा नाही."

"मग कायले करावा माणसानं नवरा?"

"ते… कायद्यात नाही लिहिलेलं, सिस्टर."

"आठ दिवस झाले. एक फोन नाही केला तुम्ही!"

"तुम्हीच म्हणाल्या, बोलू नका."

"म्हटलं म्हणून ऐकाचं?"

त्याने पेन खाली ठेवलं. कान लाल झाले होते त्याचे. "फोन केला असता तर तुमचा भाऊ म्हणाला असता, याचा पगारावर डोळा आहे. कदाचित तुम्हालेही वाटलं असतं. ठरवलं होतं मी… कार्ड तुमच्या हाती आल्याशिवाय काही विचारायचं नाही."

मैत्रेयीने पर्समधून कार्ड काढलं, त्याच्या नाकासमोर धरलं आणि परत पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"आलं. आता विचारा."

"इथं? मास्तर लोक ऐकून राह्यले…"

"विचारता का जाऊ?"

"माझ्याशी—"

"हो!" ती इतक्या जोरात ओरडली, की बाहेरचे दोघं मास्तर आपलाच नंबर लागला समजून उठून उभे राहिले.