पुंगळ्यांखालचं पाणी

या, जरा पुढे सरकून बसा. मोंटानातल्या एका मरणाची गोष्ट सांगायची आहे.

हॅल्वर ट्वाइट हा म्हातारा हरणाच्या शिकारीला गेला आणि त्याची रायफल गालाशीच फुटली. तो जागीच गेला. काडतुसं तो घरीच भरायचा. त्यांत भरायची बंदुकीची दारू आणून दिली होती धाकट्या भावाने, कर्मिटने. कुरणावरून दोघांत बोलणं बंद, तेव्हा खुनी कोण हे गावाने ठरवूनच टाकलं.

हॅल्वरची विधवा नॉर्मा हिने गावातल्या चाणाक्ष हेझलबाईंना तपासाला बोलावलं. सोबतीला पाद्री एमेट होते. मन लोण्याचं, डोकं जरा सावकाश.

"त्या मेल्या कर्मिटला सोडू नका," नॉर्मा म्हणाली. "शेरीफ उद्या उचलणारच आहे त्याला."

शेडमध्ये उरलेली काडतुसं होती. हेझलबाईंनी एक उघडून दारू तोलली. अगदी बरोबर. मग त्यांनी पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची कवचं, ओळीने मांडल्या. जुन्यांची फक्त मान निळसर. शेवटच्या खेपेच्या मात्र बुडापर्यंत निळ्या.

"छान दिसतात," एमेट म्हणाले.

"पाद्रीबाबा, हे छानच महागात पडलंय."

मग दोघं कर्मिटकडे गेले. तो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली की मान तडकते," तो म्हणाला. "म्हणून ज्योतीने तापवून नरम करायची. पण बूड पातेल्यातल्या पाण्यात हवं. ते नरम पडलं तर बार अंगावर येतो. दादा दार लावून अंधारात करायचा. अंधारातच तांबूस रंग कळतो. मग चिमट्याने पाण्यात आडवी पाडायची."

"छन्न वाजत असेल?"

"दादाला ढगांचा गडगडाट ऐकू यायचा नाही, बाई!"

"शेडमध्ये शेवटचा कधी गेलास?"

"भांडल्यापासून पाय ठेवला नाही."

परत आल्यावर नॉर्माने कॉफी ओतली. "शेवटच्या खेपेला पातेल्यात पुंगळ्या मांडून हॅल्वर इथे येऊन कॉफी प्यायला, मग परत शेडमध्ये गेला. तेवढ्यात मी फेरी मारून आले. या थंडीत दिसेल त्या भांड्यातलं पाणी मी ओतून टाकते. बर्फ झालं की भांडं फुटतं. तो कर्मिट कधी ओतत नाही, त्याच्या कोंबड्या बर्फ टोचत बसतात!"

हेझलबाईंचा कप ओठांशीच थांबला. त्यांनी कर्मिटला बोलावून घेतलं.

"खून झालेला नाही," त्या म्हणाल्या. "शेरीफला मी सांगते. दारू निर्दोष होती. बुडं तापून निळी पडली, नरम झाली, कारण पातेलं कोरडं होतं. अंधारात हॅल्वरला ते दिसलं नाही, छन्न न वाजल्याचं कळलं नाही. तो एक अपघात होता. इथेच थांबू या."

"पण पाणी गेलं कुठे?" एमेटनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांची नजर नॉर्माकडे गेली.

नॉर्माचा हात तोंडाकडे गेला.

"मी ओतलं," कर्मिट एकदम म्हणाला. "त्या दिवशी आलो होतो, वहिनी. बर्फ होईल म्हणून ओतलं."

एमेट तोंड उघडणार, तोच हेझलबाईंनी त्यांचा पाय दाबला.

नॉर्मा कर्मिटकडे वळली.

"भाऊजी, खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलं का?"

ती हुंदक्यांनी हलू लागली. कर्मिटने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला.

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा या कर्मिटची आठवण असू द्या. ज्या बाईला तो फासावर हवा होता, तिचंच ओझं तो उचलायला निघाला होता.