चार वाजताचं पान

अक्षता, परवा लिफ्टमध्ये तू विचारलंस ना, "ताई, कुठला डाएट करताय दोघं? भावजीपण केवढे बारीक झालेत," तेव्हा मी हसून टाळलं. पाच माणसं होती लिफ्टमध्ये. आता बस. चहा घे, खारी घे. माझ्यासाठी थांबू नकोस, मला हल्ली भूक लागतच नाही, मी घड्याळ बघून जेवते. पण ऐकायला बसलीस तर मधेच उठायचं नाही, आधीच सांगते.

सुरुवात एकदम साधी आहे. गेल्या जूनमध्ये मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले होते. बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा यायचा, खोकलं की दुखायचा. हर्निया. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, पण चौऱ्याण्णव किलोवर मी हात लावणार नाही, चौऱ्याऐंशीवर या. तोवर गोळा अडकला तर मात्र धावत यायचं, जिवाशी खेळ आहे. बाहेर आले आणि पहिलं काय केलं असेन? समोरच्या गाडीवर दोन वडापाव हाणले. घाबरले की मला भूक लागते, लहानपणापासूनची खोड आहे माझी.

मग इथे खारघरलाच डाएटवाल्या उन्नती मॅडमकडे नाव घातलं. त्यांचा एकच नियम, जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढून पाठवायचा. दीड चपाती, वाटीभर डाळ आणि काकडी. काकडी खाऊन कुणाचं पोट भरलंय गं? अकराला भूक, एकला भूक, जेवून हात पुसते न पुसते तोच परत भूक. खालच्या मजल्यावर कुणी कांदा परतला तरी मला रडू यायचं. खरंच रडलेय मी, सिंकपाशी उभी राहून.

आणि घरात रोज आणखी एक ताट वाढलं जात होतं. माझ्या सासूबाईंचं. शेवंताबाई. त्या फेब्रुवारीत गेल्या, याच घरात. आमच्याकडे रीत आहे, जिथे जीव गेला तिथे वरीसभर रोज दुपारी गेलेल्या माणसाचं पान ठेवायचं, त्याच्या आवडीचं. सारसोळ्याला माझे मोठे दीर राहतात, धर्मराजदादा. त्यांनी बजावूनच सांगितलं होतं, पान चुकवायचं नाही. तिकडे खाडीपाशी कावळे मुबलक. इथे अकराव्या मजल्यावर कोण येतंय? मी गॅलरीत पान ठेवायची आणि संध्याकाळी होतं तसं पिशवीत भरून खाली टाकायची.

आईंबद्दल सांगायला हवं. शेवटची दोन वर्षं त्यांना काही आठवायचं नाही. जेवलेलं आठवायचं नाही. पाच मिनिटांत किचनच्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "मना कोनी जेवाला नाय दिला गो." साखर इतकी वाढलेली की एकदा गुळाची अर्धी ढेप खाऊन आयसीयूत गेल्या. म्हणून रूपेशने किचनच्या दाराला कडी-कुलूप लावलं. रूपेश म्हणजे माझा नवरा, रबाळ्याला कंपनीत आहे, तुला माहीतच आहे. त्या कुलपापाशी उभ्या राहायच्या आई, आणि मी एकच वाक्य बोलायची, "आई, तुम्ही आत्ताच जेवलात." दिवसातून वीसदा. ताटातला भाकरीचा तुकडा लपवून पदराला दुहेरी गाठ मारून ठेवायच्या. गेल्या तेव्हा उशीच्या अभ्र्यात असे सतरा वाळके तुकडे निघाले. एक्केचाळीस किलो वजन उरलं होतं त्यांचं. साडेपाच फूट बाई.

दहाव्याला कावळा शिवला नाही. दीड तास आम्ही सगळे उन्हात. धर्मराजदादांनी हात जोडून काय काय कबूल केलं, पोरांना बघतो, जमीन विकत नाही. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. मला माहीत होतं त्यांना काय हवंय. पण सत्तर माणसांसमोर माझी जीभ उचलली नाही. रूपेशने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

तर जुलैतली गोष्ट. दुपारचे चार. पाऊस थांबून ऊन पडलेलं, सोसायटी झोपलेली, फक्त मेट्रो गेली की खिडकीची काच थरथरायची. गॅलरीत पान होतं. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, वर लिंबू. मी पिशवी घेऊन उचलायला गेले आणि उचललं नाही. तिथेच उकिडवी बसले आणि सगळं खाल्लं. का, तर ते पान आईंचं होतं, माझं नव्हतं. त्याचा फोटो मॅडमला जात नाही. ते धरायचं नाही. आता हसू येतं तुला, पण डाएट केलेल्या कुठल्याही बाईला विचार, असला हिशोब डोक्यात आपोआप होतो.

खाताना मशेरीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, आई सकाळी दाताला लावायच्या ना, तो. मी म्हटलं, खालून येत असेल.

मग रोजच झालं. एक वाजता फोटोतलं ताट, चारला आईंचं पान. आणि मी ते पान वाढवत नेलं. दोनाच्या चार भाकऱ्या, कोलंबी, वडे, शेवळाची भाजी. दिवसभर फक्त चारची वाट बघायची. आणि गंमत ऐक, वजन उतरत होतं. डबल खाऊन उतरत होतं. सप्टेंबरला चौऱ्याऐंशी. उन्नती मॅडमनी ग्रुपवर माझं नाव घालून टाळ्या वाजवल्या. मी पेढे वाटले आणि अर्धा किलो पेढे एकटीने खाल्ले, बाथरूममध्ये दार लावून.

भूक मात्र वाढतच गेली. कशी सांगू तुला... घास चावायचा, गिळायचा, घशाखाली उतरलेला कळायचा आणि तिथून पुढे नाही. पोटात काही पडायचंच नाही. पाचव्या मिनिटाला मला वाटायचं, मी जेवले का? ताट खरकटं दिसायचं, हाताला वास असायचा, तरी खात्री वाटायची नाही. ऑपरेशनची तारीख आली तेव्हा काटा शहात्तरवर. डॉक्टरच दचकले. म्हणाले, आता थांबू, आधी हे वजन का जातंय ते शोधू. सगळे रिपोर्ट काढले, सगळे नॉर्मल. डिसेंबरात अठ्ठावन्न. मी आईंची दवाखान्यातली फाईल काढून बघितली, त्यावरचा एक्केचाळीसचा आकडा, आणि मला समजलं आपण कुठे चाललोय. भीती वाटली गं.

मीच रूपेशला म्हटलं, किचनला परत कुलूप लाव. त्याला नको होतं ते. माझ्याकडे न बघता त्याने कडी बसवली आणि किल्ली घेऊन कामावर गेला. आईंचं पान त्या दिवशी किचनमध्येच राहिलं, ओट्यावर.

चार वाजता मी त्या दारापाशी उभी होते. केव्हा उठून आले ते आठवत नाही. कडी हातात होती, हलवत होते. आतून बोंबलांचा वास, गरम, आत्ताच तळल्यासारखा. आणि मशेरीचा. माझ्या तोंडातून शब्द आले. मी सारसोळ्याची सून, पण माहेर आमचं साताऱ्याकडचं, मला ती बोली कधी जमली नाही. तरी बोलले, अगदी हळू.

"मना कोनी जेवाला नाय दिला गो..."

आत भांडं वाजलं. कुणीतरी ओट्याशी वळलं असं वाटलं, बांगड्या सरकल्या. आणि दाराच्या पलीकडून उत्तर आलं. वैतागलेला, थकलेला आवाज. माझा आवाज, अक्षता. माझाच.

"आई, तुम्ही आत्ताच जेवलात."

मी तिथेच खाली बसले. रूपेश साडेसातला आला तेव्हा तशीच बसलेली होते. त्याने कुलूप उघडलं. किचन रिकामं. ओट्यावरचं पान पुसल्यासारखं स्वच्छ.

त्याला मी सगळं सांगितलं. एवढंच म्हणाला, वर्षश्राद्ध नीट करू, होईल शांत. मला जे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं ते मात्र आलं नाही.

फेब्रुवारीत सारसोळ्याला गेलो. दादांच्या गच्चीवर पान ठेवलं, दोन बोंबील, दोन भाकऱ्या. पाण्याच्या टाकीवर कावळ्यांची रांग. एकही खाली येईना. दादा परत तेच सगळं कबूल करत होते. मी तेव्हा पन्नास किलोची होते, ब्लाऊज पिना लावून घातलेला, उभं राहवत नव्हतं. म्हटलं, आता लाज गेली खड्ड्यात. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर बोलले.

"आई, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. मला नंतर कळलं होतं."

रविवार होता तो. मी लग्नाला गेले होते, चारला परत आले. आई कुलपापाशी उभ्या, जेवाला नाय दिला म्हणत होत्या. रूपेश सोफ्यावर, किल्ली त्याच्या खिशात. मी विचारलं, दिलंस ना रे? तो म्हणाला, हो, एक वाजताच दिलं. म्हणून मी नेहमीचं वाक्य बोलले आणि त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. पाच वाजता त्या त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. मग कुकर उघडला तर त्यांचा भात, वरण, सगळं जसंच्या तसं. साखर उतरवायची गोळी त्याने दिली होती, जेवण दिलं नव्हतं. रिकाम्या पोटी त्या गोळीने साखर एकदम खाली जाते. झोप लागली असेल. माणसं जमायच्या आत मी कुकर धुवून टाकला. त्याला विचारलं नाही. तोही काही बोलला नाही. वर्षभर एका ताटात जेवलो आम्ही आणि बोललो नाही.

गच्चीवर मी त्याचं नाव घेतलं नाही. म्हटलं, मी विश्वास ठेवला नाही, मी कुकर धुतला, मला माफ करा. आणि त्याच्याकडे बघितलं. आता तरी बोल म्हणून. तो हात जोडून उभा होता, नजर चपलांवर.

एक कावळा खाली आला. एक बोंबील उचलला, एका भाकरीचा लचका तोडला आणि उडून गेला. दादा रडले, म्हणाले, "घेतला आयनी, घेतला." सगळ्यांनी हात जोडले. दुसरा बोंबील आणि दुसरी भाकरी तशीच होती. मी अर्धा तास थांबले. तिकडे कुणी फिरकलं नाही.

त्या संध्याकाळपासून माझी भूक गेली. वजन थांबलं, मग हळूहळू सत्तावन्नवर आलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, टाकेसुद्धा सुकले. तू म्हणशील, मग झालं की सगळं चांगलं.

महिन्यापूर्वी रूपेशचा ऑफिसमधून फोन आला. म्हणाला, "आज डबा दिला नव्हतास का?" मी म्हटलं, अरे चार कप्प्यांचा दिलाय. घरी आला तर डबा चाटूनपुसून रिकामा. दुसऱ्या दिवशी परत फोन. आता रोज येतो. वेळ बघितलीस तर चारच. आवाज बारीक करून बोलतो, बाजूला माणसं असतात ना. पट्ट्याला दोन भोकं पाडून झाली. अठ्ठ्याऐंशीचा होता, परवा काट्यावर उभा केला तर एकोणसत्तर. मी हातापाया पडते त्याच्या. म्हणते, चल सारसोळ्याला, पान ठेवू, एकदा तोंडाने बोल, बस एवढंच. तो शांतपणे माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काय बोलू? मी तर जेवण दिलं होतं आईला." त्याला खरंच तसं वाटतं गं आता. माझ्या डोळ्यात बघून म्हणतो.

काल त्याची पँट धुवायला घेतली. खिशात रुमाल होता, कोपऱ्याला दुहेरी गाठ मारलेली. नखाने सोडवली. आत तांदळाच्या भाकरीचा तुकडा निघाला, मऊ, अजून थोडा गरम. वर्षश्राद्धापासून या घरात मी तांदळाची भाकरी थापलेली नाही.