शिळफाट्यावरची जाहीर नोटीस

उपनिरीक्षक तेजश्री म्हसकर शिळफाट्यावर पोहोचली तेव्हा जिन्याखाली जमाव एका माणसाला तुडवत होता.

"हाणा! मुनाफभाईला मारलंय यानं!"

एकानं टायर उचकटायची पहार उगारली. ती खाली येण्याआधीच तेजश्रीची काठी त्याच्या मनगटावर बसली. हवालदार वाल्मिकनं खालच्या माणसाला ओढून जीपमध्ये कोंबलं. त्याचे दोन दात पडले होते. पँट रक्तानं भिजली होती, पण ते रक्त त्याचं नव्हतं.

वर पहिल्या मजल्यावर 'धोरणवेध' वृत्तसेवेचं ऑफिस होतं. सरकारी निर्णय, अधिसूचना, भूसंपादन यांच्या बातम्या ते देत. छोट्या जाहिराती घ्यायचं काम मुनाफ धनसेचं. तो आता काउंटरमागे पालथा पडला होता. कवटी मागून फुटली होती. पाच-सहा घाव होते आणि प्रत्येक खोक चौकोनी कोपऱ्याची होती. हत्यार कुठेच नव्हतं. जाहिरातींचे अर्ज विस्कटले होते. मालकाच्या केबिनला कुलूप होतं.

मुनाफची बायको शरीफा भिंतीला टेकून बसली होती.

"आठला निघाले. डबा राहिला म्हणून मी नवाला आले, तर तो माणूस यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. मी ओरडले, तसा पळाला."

तेजश्री जीपमध्ये येऊन बसली. काच वर केली.

"नाव?"

"हिरू. कळंबजवळच्या वाडीचा."

"इथे कशाला आलास?"

"मुनाफभाईनं फोन केला. बोलला, हिरू, तुजा बाप पोशा कदी गेला रं? मी बोललो, दोन वर्सं झाली. वारसाची नोटीस तुमीच लिवून दिलेली ना? तर बोलला, मंग आजच्या नोटिशीवर अंगठा कुनाचा हाय? लगेच ये."

"आणि?"

"आलो तर त्यो पडलेला. मी उचलाया गेलो, मॅडम. धुगधुगी हुती. मंग ती बाय वरडली. मी भ्यालो."

तेजश्रीनं त्याचे हात पाहिले. रक्त तळव्यांना आणि मांडीला होतं. कपाळावर, छातीवर उडालेले शिंतोडे नव्हते. नोटिशीचं आणि अंगठ्याचं ती कुणाशीही बोलली नाही.

अर्ध्या तासानं मालक-संपादक विकास ठोंबरे धावत वर आला.

"कर्जतला होतो. कळलं तसा निघालो. पकडलात ना त्या नालायकाला?"

"केबिन उघडा."

"किल्ली फक्त माझ्याकडे असते," म्हणत त्यानं कुलूप काढलं. आत सत्कारांत मिळालेल्या सन्मानचिन्हांची रांग होती. काळ्या दगडाचे बसके तळ, वर पितळी लेखण्या. फळीवर धूळ होती. रांगेत एका जागी मात्र स्वच्छ चौकोन उमटला होता.

"मुनाफशी कुणाचं वाकडं?"

"छे! साधा माणूस."

"आम्हाला वाटतं, एका जाहिरातीवरून झालं असावं."

विकास हसला. "जमिनीच्या नोटिसा रोजच येतात, मॅडम. कुठल्या पोशानं अंगठा दिला आणि कुठल्या नाही, ते आम्ही कुठे तपासत बसणार?"

तेजश्री उठली. "वाल्मिक, यांच्या गाडीची डिकी बघ."

विकासचं हसू मावळलं. तो दाराकडे वळला, वाट अडलेली दिसताच त्यानं फळीवरचं एक सन्मानचिन्ह उचलून तिच्यावर घातलं. ती बाजूला झाली, तरी दगड खांद्यावर बसला. दुसरा घाव येण्याआधी तिनं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि तो टेबलावर कोसळला. डिकीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं रक्ताळलेलं सन्मानचिन्ह सापडलं, सोबत पोशाच्या जमिनीच्या नोटिशीचा चुरगळलेला अर्ज आणि नव्या रस्त्याचा नकाशा.

"पोशाचं नाव मी घेतलं नव्हतं," दुखरा खांदा धरून तेजश्री म्हणाली. "अंगठ्याचंही नाही. तो अर्ज ज्यानं पाहिला, त्यालाच ते ठाऊक. मुनाफला मारलं चौकोनी तळाच्या दगडानं. तो दगड या केबिनमधला, आणि किल्ली फक्त तुमच्याकडे. हिरूनं मारलं असतं तर त्याच्या कपाळावर, छातीवर रक्त उडालं असतं."

शरीफा दारात आली. "पण का, मॅडम? त्यांनी काय बिघडवलं होतं याचं?"

"कळंबकडून नवा रस्ता जायचाय, ही बातमी यांच्याकडे सगळ्यांआधी आली. रस्ता पोशाच्या शेताला लागून. मेलेल्या माणसाचा खोटा अंगठा उठवून, त्यानं जमीन यांना विकल्याची नोटीस यांनी बनवली. आदिवासीची जमीन घ्यायला सरकारची परवानगी लागते, त्या अर्जाला जोडायला ती छापून हवी होती. आपल्याच वृत्तसेवेत छापली की वाडीतलं कुणी वाचणार नाही, हरकतीच्या चौदा दिवसांच्या मुदतीत कुणी पुढे येणार नाही, असा हिशेब. वारसाची नोटीस मुनाफनंच लिहिली होती, हे यांना माहीत नव्हतं."

विकास गुडघा धरून विव्हळत होता. "मी त्याला शंभरदा सांगितलं, छाप म्हणून! म्हणाला, हिरूला बोलावलंय. पाठ फिरवून संगणकाकडे गेला..."

शरीफानं पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. एकदाच. तिला कुणी अडवलं नाही.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मुनाफचा जनाजा निघाला. हिरू बरगड्यांना पट्टी बांधून फाट्यावर उभा होता. सकाळी पहार उगारणारा समोर आला. त्याची नजर खाली होती. त्यानं जनाज्याखालचा आपला खांदा काढून हिरूला जागा करून दिली.

"येतोस?"

"मला चालंल काय तुमच्यात?" हिरूनं विचारलं.

"ये रं."

हिरूनं ओठ आवळून खांदा दिला आणि कळ मस्तकात गेली तरी कब्रस्तानापर्यंत बदलला नाही.