लपवलेली सहावी ओळ

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या चुलतबहिणीच्या घरात घडलंय. सिंदेवाहीजवळचं गाव, गेल्या वर्षीचा मार्च. रात्र-बित्र काही नाही, भर दुपार. लख्ख ऊन.

ही बहीण, रिना, गावच्या मच्छीमार सोसायटीची साइट सांभाळते. तलावात जाळं टाकायची पाळी कुणाची, ती यादी रोज तिथे लागते. नावं पाच.

त्या दिवशी कोडमध्ये तिला सहा दिसली.

सहावं नाव... कोलू.

पानावर मात्र ते कुठेच नाही.

साइट बनवणारा कधीच काम सोडून गेलेला. कोडमध्ये प्रत्येक ओळीला क्लास लावलेला असतो. ओळ कशी दिसावी, ते त्यावरून ठरतं. माणसानं लिहिला तर 'ठळक', 'लाल' असं नाव असतं. इथे मशीननं सगळ्या नावांचा चुराडा केलेला. क्यूसात, झेडकेनऊ... काय डोंबल कळणार! रिना एकेक क्लास काढून बघायला लागली. एकानं रंग गेला. एकानं रेघ गेली.

झेडकेनऊ काढला...

आणि कोलू दिसायला लागला.

"चूक होती, दुरुस्त झाली," म्हणत तिनं साइट चढवली. खूश होती पोरगी.

पाच मिनिटांत सोसायटीच्या मनसारामभाऊंचा फोन.

"रिना, कोलूचं नाव काऊन उघडं केलं? तू व्हायच्या आधीच तो बुडाला, पण प्रेत गावलं नाई. गावेपर्यंत आपण पाळीतून नाव काढत नाई, झाकून ठेवतो. नाव उघडं दिसलं का तो पाळीवर येते. लवकर झाक!"

आजची पाळी तिच्या बाबांची होती. श्रीहरीकाका डोंगा घेऊन एकटेच तलावात गेलेले.

फोन लावला. लागेना.

तिनं कोलूच्या ओळीला झेडकेनऊ परत लावला. साइट चढवली. पान उघडलं...

कोलू तसाच.

तिनं नावं मोजली. पाचच होती.

श्रीहरी नव्हतं.

कोडमध्ये पाहिलं, तर लपवणारा क्लास बाबांच्या ओळीला लागलेला. तिनं तो तिथे लावलाच नव्हता, देवाशप्पथ!

ती अनवाणी पळाली. तलावावर चिटपाखरू नाही. वारासुद्धा नाही.

मग... वल्ह्यांचा आवाज.

दोन वल्ह्यांचा.

डोंगा काठाला लागला. आत बाबा एकटेच, हातात एकच वल्हं. तिनं मिठी मारली, ढसाढसा रडली.

"रडून काऊन राह्यली, बाई? मी एकटा नोतो. कोलू होता ना संग."

रिनानं पुन्हा डोंग्यात वाकून पाहिलं.

"थकला बिचारा. म्हणे, श्रीहरी, आता माही पाळी तू घे."

"तुमी काय म्हनलं, बाबा?"

"हो म्हनलं. दोस्त होता माहा."

साइटवर काकांचं नाव अजून दिसत नाही. घरचे त्यांना तलावाकडे जाऊ देत नाहीत. तरी रोज दुपारी ते जाळं खांद्यावर टाकतात, आणि रिना दाराला पाठ लावून बसते.

पुढच्या महिन्यात रिनाचं लग्न आहे. ती चामोर्शीला जाईल. मग दाराशी कोण बसणार... मला झोप लागत नाही.